सगळ्यांच्या मागचा एली

एली वेसादनं सायकलवर बसून उभ्या आयुष्यात कोणाला मागं टाकलं नाही, आणि या गोष्टीचा त्याला कोण अभिमान! मोंकारेल गावच्या सायकल मंडळात पुढं पळणाऱ्यांची कमी नव्हती. तुलूज, बोर्दो अशा मोठ्या शहरांतून लोक यायचे, एकेकाची सायकल एलीच्या मोटारीपेक्षा महाग. पण सगळ्यांच्या मागं राहायचं, थकलेल्याच्या पावलानं चालायचं, वाटेतली फाटकं लावत यायचं, हे करायला कोण तयार होतं? एली तयार होता. नुसता तयार नाही, त्यानं ते काम मागून घेतलं होतं.

तसा तो मूळचा सायकलवाला नव्हेच. तो बसवाला. लोत नदीच्या खोऱ्यातली शाळेची बस त्यानं निवृत्त होईपर्यंत चालवली. नदी आमच्याकडे अशी नागमोडी जाते, की समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला पूल दोनदा ओलांडावा लागतो. हिवाळ्यात तर सकाळभर धुकं. त्या धुक्यातून पोरांना न्यायचं, आणायचं, आणि शेवटचा थांबा झाला की बसमध्ये मागपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, कोणी झोपून राहिलं का म्हणून. ही सवय इतकी हाडात मुरली, की जेवण झाल्यावर टेबलाखालीसुद्धा तो वाकून बघायचा. त्याची बायको रेजीन म्हणायची, "कोणी नाही रे बाबा. मीच आहे, आणि मी झोपलेली नाही."

निवृत्त झाल्यावर महिनाभरात रेजीन त्याला कंटाळली. "हे बघ," ती म्हणाली, "कुत्रा पाळ, नाही तर सायकल घे. पण दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात खांबासारखा उभा राहू नकोस." कुत्र्याला रोज खायला घालावं लागतं, या हिशेबानं एलीनं मेव्हण्याची जुनी लोखंडी सायकल शेडमधून काढली, तिला जाड टायर चढवले आणि चुनखडीच्या पांढऱ्या वाटांवर फिरायला लागला. हँडल खाली वळलेलं, टायर जाड, रस्ता कच्चा. पुढं शहरी मंडळी आली आणि म्हणाली, अरे वा, ही तर ग्रॅव्हल सायकल! एली म्हणाला, "असेल. आम्ही नुसतं सायकल म्हणायचो."

द्राक्षांची तोडणी उरकली, ट्रॅक्टर घरी गेले, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मंडळाची मोठी फेरी असते. सकाळी नदीकाठानं निघायचं, अक्रोडाच्या बागांमधून जायचं, मग आमच्या काळ्या वाईनच्या द्राक्षांचे मळे. त्या वेळी वेलींची पानं तांबडी झालेली असतात. मळ्याच्या टोकाला तंबूत खाणं: सॉसेजचे काप, सुके प्लम, अक्रोडाचा केक, आणि ज्याला पाहिजे त्याला घोटभर वाईन. तिथून ओकच्या रानात. रानात एक टेकडी आहे, तिला सगळे नुसतं पेश म्हणतात. वाट पेशच्या पायथ्याशी फुटते: एक सपाट, खालून जाणारी; दुसरी, फेरीची, खडा चढ चढून माथ्यावर जाते आणि पलीकडून उतरून पुन्हा खालच्याच वाटेला मिळते. मग रान संपतं आणि गावच्या हॉलमध्ये गरम सूप.

सगळ्या वाटेवर आदल्या दिवशी लाकडी बाण ठोकलेले असतात. सगळे गेले की मागून एक माणूस ते काढत येतो. त्याला म्हणतात झाडू. आणि झाडू म्हणजे आमच्याकडे गंमत नाही, कारण ते रान शिकाऱ्यांचंही आहे. रविवार सकाळ सायकलवाल्यांची, जेवणवेळेनंतर रानडुकराची शिकार, असा करार. कागदावर काही नाही. रानाच्या तोंडाशी शिकारी मंडळाचा अध्यक्ष नोएल बेसिएर गाडी लावून उभा असतो. झाडू रानातून बाहेर येतो, शेवटचा बाण काढून बेसिएरच्या हातात देतो. बेसिएर विचारतो, "मागे कोणी?" झाडू म्हणतो, "कोणी नाही." मग बेसिएर शिंग फुंकतो, कुत्री सुटतात, आणि बंदुकीवाले आपापल्या जागी जातात.

एलीला ते दोन शब्द म्हणायला फार आवडायचं. बसमध्ये ते तो स्वतःशीच म्हणायचा. इथं बंदुका घेतलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. दुसऱ्या कशात तो इतका मोठा कधी झाला नव्हता, आणि ते त्याला माहीत होतं.

पण गुडघा! गुडघ्यानं दावा साधला. वर्षागणिक एली रानातून उशिरा यायला लागला. शिकारी घड्याळं बघायला लागले, कुत्री केकाटायला लागली. मंडळाच्या बैठकीत खजिनदार काझाल एकदा घसा खाकरून म्हणाला, "मी काय म्हणतो, एलीनं खूप केलं. आता बॅटरीवर चालणारी चारचाकी घेऊ या. मी चालवीन."

"तू?" रेजीन मागच्या बाकावरून म्हणाली. "तू परवा स्वतःच्या गॅरेजचं दार मोडलंस."

सगळे हसले, एली हसला नाही. मंडळाची अध्यक्ष साबीन रुकिये. गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देणारी नर्स, चाळिशीची, बोलायला सडेतोड. लहानपणी एलीच्याच बसमधून शाळेत गेलेली. ती म्हणाली, "शेवटचा बाण जेवणवेळेआधी बेसिएरच्या हातात पडतोय ना? पडतोय तोवर झाडू एलीच. ज्या वर्षी उशीर होईल त्या वर्षी बघू." एलीनं तिच्याकडे बघून मान हलवली, पण डोक्यात तेच घुमत राहिलं. ज्या वर्षी उशीर होईल त्या वर्षी!

त्याच वर्षी पेशच्या पायथ्याशी आल्यावर एलीनं वर पाहिलं. गुडघा ठणकत होता. शेवटची जोडी डोळ्यांदेखत माथा ओलांडून गेली होती. वर कोणी म्हणता कोणी दिसत नव्हतं. एलीनं फाट्यावरचा बाण काढला आणि खालच्या सपाट वाटेनं सरळ निघून गेला. वरचे बाण उद्या गाडीनं जाऊन काढू, असं स्वतःशीच म्हणाला. बेसिएरच्या हातात बाण वेळेआधी पडला. "मागे कोणी?" "कोणी नाही." काझालचं तोंड बघण्यासारखं झालं.

सोमवारी एली गाडी घेऊन मागच्या रस्त्यानं पेशवर गेला, तर वर एकही बाण नाही. मंडळाच्या खोलीत जाऊन बघतो तर सगळे बाण जागच्या जागी, चिखल पुसून ठेवलेले. आता सांगा, बाण काही चालत आले नव्हते. कोणीतरी काढले होते. कोणी, हे एलीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर त्याला नको होतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा खालून गेला, पुन्हा बाण आपसूक खोलीत आले, आणि एली पुन्हा गप्प बसला. रेजीनलासुद्धा बोलला नाही.

आणि मग ते तिसरं वर्ष आलं.

त्या रविवारी धुकं उशिरापर्यंत हललं नाही. फेरीला गर्दी चांगली होती. तुलूजचा एक गडी तंबूत वाईन जरा जास्तच झाल्यामुळे अक्रोडाखाली पसरला होता, त्याला एलीनं उठवलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही पुढं व्हा, मी येतो."

"मी पुढं होत नसतो," एली म्हणाला. "तू ऊठ. बूट उलटे घातलेस ते आधी नीट कर."

त्याला पुढं घालून एली रानात शिरला. पेशच्या पायथ्याशी तो गडी चढ बघून शिव्या घालायला लागला. एलीनं त्याला खालची वाट दाखवली. "इकडून जा. कोणाला सांगू नकोस." आणि त्याच्या मागोमाग आपणही खालून निघाला. आज माथा दिसतच नव्हता, सगळं पांढरं. एली थांबला नाही, कान देऊन ऐकलंही नाही. दोन वर्षं काही झालं नव्हतं, तेव्हा आज काय होणार?

रानाच्या तोंडाशी बेसिएर नारिंगी जाकीट घालून हात चोळत उभा होता. "आलास? मला वाटलं तू आत घर बांधलंस."

"भाडं परवडेना," एली म्हणाला आणि बाण पुढं केला.

"मागे कोणी?"

"कोणी नाही."

शिंग वाजलं. धुकं हळूहळू विरत होतं. एली सायकल ढकलत हॉलकडे उतरला, तेव्हा मागं कुत्र्यांचा गलका सुरू झालेला त्याला ऐकू आला.

हॉलमध्ये सूपच्या वाफेनं खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. एलीनं वाडगं घेतलं, अर्धं संपवलं, उरलेल्या गरम सुपात रीतीप्रमाणे वाईन ओतली आणि वाडगं तोंडाला लावलं. तेवढ्यात रेजीन डाव घेऊन टेबलाशी आली.

"साबीन कुठं राहिली रे? एव्हाना यायला हवी. तिचं सूप निवतंय."

"येईल की. कुठं गेलीय?"

"कुठं म्हणजे..." रेजीन थांबली. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वर. पेशवर. बाण काढायला."

एलीनं वाडगं खाली ठेवलं. "कुठले बाण?"

"आता सोंग घेऊ नकोस. तू खालून जातोस हे तिनं पहिल्याच वर्षी माथ्यावरून पाहिलं आणि वरचे बाण काढून आणले. मला म्हणाली, त्याला काही बोलू नका, वाईट वाटेल. शेवटचे लोक गेले की मी तो येण्याआधी वर जाऊन काढून आणत जाईन. दर वर्षी तुझ्या आधीच खाली असते ती. तुझी चाल अशी संथ..." रेजीननं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "एली? तू बाण दिलास बेसिएरला?"

"दिला."

"आणि काय सांगितलंस?"

एली उत्तर द्यायला थांबला नाही. त्याचं वाडगं कलंडलं, टेबलावर वाईन पसरली. दारात काझाल भेटला. "गाडी!" एली ओरडला. "तुझी गाडी काढ, साबीन रानात आहे!" काझाल नाना शंका काढणारा माणूस, पण त्या वेळी त्यानं एकही काढली नाही. किल्ली हातातच होती.

रानात फोन लागत नाही, हे इथलं पोरगंही जाणतं. काझालची गाडी खडीवरून अशी उडत गेली की एलीचं डोकं टपाला आपटलं. एलीच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट: साबीनचं जाकीट. सकाळी तिनं ते सगळ्यांना दाखवलं होतं, नवीन घेतलं म्हणून. तपकिरी. पाचोळ्याच्या रंगाचं. रानात एक बार वाजला. लांब, नदीच्या बाजूला. काझालच्या तोंडून प्रार्थना निघाली. गेल्या कित्येक वर्षांत चर्चची पायरी न चढलेला माणूस तो.

बेसिएर पेशच्या उताराखाली, वाटेच्या कडेला उभा होता. बंदूक खांद्याला लागलेली, नळी वरच्या जुनिपरच्या झुडपांकडे. एली चालत्या गाडीतून उतरला आणि गुडघ्यावर पडला. तसाच ओरडला, "नोएल! थांबव! वर माणूस आहे!"

बेसिएरनं बंदूक खाली केली. काहीच न विचारता त्यानं शिंग उचललं आणि तीन लांब हाका दिल्या. रानातून दुसरं शिंग, मग तिसरं. बंदुका उघडून काडतुसं काढल्याचे आवाज आले. एकेक नारिंगी जाकीट झाडांतून वाटेवर यायला लागलं.

मग वरच्या वळणावर साबीन दिसली. सायकल ढकलत येत होती, मागचं टायर फाटून लोंबत होतं, पाठीवरच्या पिशवीतून बाणांची टोकं वर आलेली. वाटेवर एवढी माणसं बघून ती थबकली. "काय झालं?" ती म्हणाली. "कोणाला लागलं का?"

एलीचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच खडीवर बसून राहिला.

"नाही," बेसिएर म्हणाला. त्यानं जुनिपरकडे बोट केलं. "तिथं हलत होतं काहीतरी. म्हटलं, डुक्कर बाहेर येऊ दे, नीट दिसू दे." तो गाडीच्या पायरीवर बसला. सहा फुटी गडी, पण त्यानं सिगारेट उलटी तोंडात धरली. काझालनं ती सुलटी करून पेटवून दिली. "नीट दिसू दे म्हणून थांबलो होतो," तो पुन्हा म्हणाला.

साबीनचा चेहरा उतरला. "टायर फाटलं," ती म्हणाली. "धारदार दगड होता. चालत येत होते. मला वाटलं, एली अजून मागंच असेल."

आता इथं एलीला सहज सुटता आलं असतं. अध्यक्ष स्वतःच न सांगता वर गेली, त्याला काय ठाऊक? शिकाऱ्यांनी मान डोलावली असती. रेजीन सोडून कोणाला काही कळलं नसतं, आणि साबीन तर बोलणारी नव्हतीच. पण एली धडपडत उठला.

"मी वर गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "आज नाही, गेल्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही. गुडघा दुखतो. खालून आलो आणि तुला सांगितलं, नोएल, की मागे कोणी नाही."

बेसिएरनं वर पाहिलं. "तीन वर्षं?"

"तीन."

"आणि तीनही वर्षं ही वर होती?"

"हो. कोणीतरी बाण काढतंय हे मला कळत होतं, नोएल. मी विचारलं नाही कोण ते."

बेसिएरनं शिवी घातली असती तर बरं झालं असतं. त्यानं घातली नाही. खिशातून तो सकाळचा बाण काढला, एलीच्या हातात परत ठेवला आणि कुत्र्यांना हाक मारली. त्या दिवशी शिकार झाली नाही.

हॉलमध्ये परत आल्यावर एली टेबलाशी उभा राहून म्हणाला, "पुढच्या वर्षी झाडू दुसरा बघा." त्याला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, अरे असं काय करतोस. कोणीच म्हणालं नाही. काझालसुद्धा वाडग्यात बघत राहिला. तेच एलीला लागलं, आणि बरोबरही वाटलं. रेजीननं फडका आणून सांडलेली वाईन पुसली.

त्या रात्री दोघं भांडले. रेजीन म्हणाली, "तुझं मन राखायला केलं रे आम्ही." एली म्हणाला, "मन राखलंत, पोरगी गेली असती." मग म्हणाला, "तुमची चूक अर्धी. माझी पुरी." तो हिशेब काही जुळत नव्हता, पण रेजीननं वाद वाढवला नाही.

हिवाळाभर एली सायकलला शिवला नाही. वसंतात डॉक्टरनं गुडघ्यात सुया टोचल्या, थोडा फरक पडला. बेसिएर बाजारात दिसला की एली नजर चुकवायचा. शेवटी एके दिवशी बेसिएरनंच मटणवाल्याच्या रांगेत त्याला धरलं. "यंदा फेरीला येणार ना?"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच. दुसरं कोण देणार तुला?" बेसिएर म्हणाला, आणि स्वतःचं डुकराचं मांस घेऊन निघून गेला. रांगेतल्या बायका हसल्या. एलीलाही त्या वर्षात पहिल्यांदा हसू आलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एली आला. छातीवर नंबर लावून, सगळ्यांसारखा. झाडू साबीन होती, नारिंगी जाकिटात. सगळे भरभर पुढं गेले. मळे संपेपर्यंत एली एकटा मागं उरला आणि त्याच्या मागं दहा पावलांवर साबीन. मागं कोणी असण्याची त्याला सवय नव्हती. तो सारखा वळून बघायचा.

"पुढं बघ," साबीन म्हणायची. "वेलीत घुसशील."

पेशच्या पायथ्याशी तो उतरला. ऊन पडलं होतं, माथा स्वच्छ दिसत होता, वर कोणी नव्हतं. चढ तसाच खडा. एलीनं गुडघ्यावर हात फिरवला. साबीन त्याच्याजवळ येऊन थांबली. तिनं घड्याळ बघितलं, वर बघितलं, मग हळूच म्हणाली, "एली, तू खालून जा. मी एकटी वर जाऊन येते. तू खालून गेलास हे कोणाला कळणारसुद्धा नाही. मी नाही सांगणार."

एलीनं सायकलचं हँडल चढाकडे वळवलं.

"तू सांगणार नाहीस," तो म्हणाला, "हीच तर भानगड आहे."

आणि लंगडत, सायकल ढकलत तो वर चढायला लागला. साबीन त्याच्या मागून बाण काढत निघाली.